भिमाच्या हातची कासवं

सुप्याच्या बाजूला दिलेल्या धाकट्या लेकीच्या, नकोशीच्या विहिरीला एकदाचं पाणी लागलं, आणि इकडे नीरेकाठी भिमाच्या तोंडचं पाणी पळालं.

निरोप घेऊन तिचा सासरा तात्याबा स्वतः आला होता. नवा पटका, कपाळभर भंडारा, आवाज तर ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असा. "पाव्हणं, चाळीस फुटाव पाणी हाय! श्रावणातल्या पयल्या सोमवारी पूजा घालतोय. नारळ आमचा, जेवाण आमचं. कासव तेवढं तुमचं."

"आणतो की," भिमा म्हणाला. बोलताना त्याची नजर ओढ्याकडं गेली आणि तिथंच अडकून बसली. तात्याबाला काही कळलं नाही, पण भिमाच्या बायकोला, सरुबाईला कळलं. तिनं गपचूप चहात साखर वाढवली.

एवढ्याशा कासवासाठी माणसानं का घाबरावं, हे कळायला आधी भिमा कोण ते सांगितलं पाहिजे.

भिमा धनगराचा. बापाच्या काळी घरात दीडशे मेंढरं होती. पुढं चराईचं रान उसाखाली गेलं, मेंढरं विकून बापानं ओढ्याकाठी चार एकर घेतली, आणि भिमाच्या हातात काठीच्या जागी खोरं आलं. वालचंदनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर त्याची वस्ती. मका, कांदा, थोडा ऊस असं तो करायचा, पण शेतीचा त्याला फारसा अभिमान नव्हता. मान दिला होता तो कासवांनी.

आपल्याकडं नवी विहीर झाली की पाण्यात कासव सोडतात. ते शेवाळ खातं, डासांच्या अळ्या खातं, पडलेला उंदीर-बेडूक संपवतं, आणि पाण्याला वास येऊ देत नाही. त्यावर लोकांनी आपल्या पदरचं घातलं, की कासव जगलं तर विहीर आटत नाही. आणि भिमाच्या हातचं कासव जगतंच, अशी अकरा गावांत ख्याती. मग विहीर कुणाचीही असो, भिमाला बोलावणं यायचं. तो पैशाला शिवायचा नाही. त्याला हवी असायची पहिली पंगत, त्या पंगतीतलं पहिलं पान, आणि वाढणाऱ्यानं म्हणायला हवं, "भीमराव, अजून एक पोळी." एवढ्यासाठी तो पायी दहा कोस गेला असता, आणि दोनदा गेलाही होता.

त्याचं शास्त्रही पक्कं होतं. "मोठं कासव धरून हिरीत टाकायचं हे अडाण्याचं काम. त्ये आठ दिस भिताडाला नखं मारत बसतंय. पिल्लूच सोडावं. त्याला दुसरं पाणीच ठावं न्हाय." पिल्लू निवडायची रीतही ठरलेली. बिस्किटाएवढं ते पोर तळहातावर उताणं ठेवायचं आणि म्हणायचं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" चांगभलं संपायच्या आत जे उलटून पोटावर आलं ते पास. बाकीची परत ओढ्यात. परीक्षेला बसलेल्या एकाही कासवाला कॉपी करता आली नाही, असं तो गंभीरपणानं सांगायचा.

पिल्लं मिळायची ती त्याच्याच बांधावर. ओढ्याकडच्या कडेला बाभळीखाली मऊ मातीचा उंचवटा होता. दिवाळीनंतर माद्या पाण्यातून वर यायच्या, मागच्या पायांनी खड्डा काढायच्या, आठ-दहा अंडी घालायच्या, माती लोटायच्या आणि मागं न बघता निघून जायच्या. पुढचे आठ महिने अंडी भिमाच्या हवाली. मुंगसाला अडवायला तो वर काट्या टाकायचा, कुत्र्यांना धोंडे मारायचा. लग्नाआधी नकोशी त्याच्यासोबत राखणीला बसायची. तिसरीही मुलगीच झाली म्हणून भिमानं रागानं तिचं हे नाव ठेवलं होतं, पाळण्यात बघायच्याही आधी. नंतर तीच एकटी त्याच्यामागं चिखलात फिरली, आणि ते नाव घेऊन हाक मारताना भिमा दर वेळी दुसरीकडं बघायचा. एवढ्यानं नाव काही बदललं नाही, पण तिनं काही मागितलं आणि भिमानं आणलं नाही असंही कधी झालं नाही.

एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात लाल मुंग्यांनी एक अख्खं घरटं पोखरलं. भिमा संतापला. मुंगसाला धोंडा मारता येतो, मुंगीला काय मारणार? तो तडक बारामतीला गेला आणि औषधाच्या दुकानातून बीएचसी पावडरची पिशवी घेऊन आला. तेव्हा ती पावडर घरोघरी असायची. पिकावर मारायची, धान्याच्या कणगीभोवती टाकायची, कोंबड्यांच्या पिसांतसुद्धा चोळायची. दुकानदार म्हणाला होता, मुंगी काय, मुंगीचा बाप फिरकणार नाही. भिमानं प्रत्येक घरट्याभोवती बोटभर जाडीचं पांढरं कडं काढलं, वर चार चिमटी खड्ड्यावरही शिंपडली. दिवाळीच्या रांगोळीतसुद्धा सरुबाईचा हात इतका सुबक चालत नसेल.

त्या वर्षी उरलेली झाडून सगळी अंडी फुटून पिल्लं निघाली. मग काय विचारता! औषध लागू पडलं की आपण जास्त घेतो, तसं भिमानं केलं. दर अमावस्येला नवं कडं. आणि हे गुपित स्वतःपुरतं ठेवील तर तो भिमा कसला? विहिरीत पिल्लू सोडलं की पंगतीआधी तो मालकाला बाजूला घ्यायचा आणि मोठ्या वैद्याच्या थाटात सांगायचा, "काठानं पावडरीचं कडं घालत जा. पिल्लाला मुंगी लागाया नगं." अकरा गावांच्या विहिरींना कडी पडली.

त्र्याण्णव साली निम्मीच अंडी फुटली. भिमा म्हणाला, ऊन कमी पडलं. चौऱ्याण्णव साली निघालेल्या पिल्लांत तिघांची पाठ एका अंगाला वाकडी होती, पाण्यात सोडली तर ती एकाच जागी गोल फिरायची. भिमा म्हणाला, नजर लागली, आणि त्यानं ओढ्यावरून मीठ-मिरची उतरून टाकली. पंच्याण्णव साली दोन पिल्लं निघाली आणि आठवड्यात गेली. त्यातच गावोगावच्या विहिरींतली त्याची कासवं एकेक करून पोट वर करून तरंगायला लागली. लोक आधी हळू बोलत होते, मग मोठ्यानं बोलायला लागले, की भिमाच्या हाताचा गुण गेला. एका वास्तुशांतीला त्याला तिसऱ्या पंगतीत बसवलं आणि पोळी विचारायलाही कुणी आलं नाही. त्या दिवशी घरी येऊन तो मक्याच्या कणसांवर उगाचच रागावला होता.

आता शहाण्णव साल, आणि विहीर नकोशीची. नऊ वर्षं ती पोर डोक्यावरून पाणी वाहत होती. सासरच्या माणसांना तिनं बजावून ठेवलं होतं की कासव माझ्या आबाच्या हातचंच पाहिजे. चार लोक नको म्हणत असतानाही ती मागं हटली नव्हती. भिमाला हे तात्याबानंच हसत हसत सांगितलं होतं.

आषाढ निम्मा सरला तरी उंचवट्यावरची माती हलली नाही. सहा घरटी होती. भिमा मातीला कान लावून पडायचा. सरुबाई म्हणायची, "अवं, कासवाची पिल्लं काय गानी म्हणत्यात व्हय?" शेवटी त्यानं हातानं माती बाजूला केली. पाच घरट्यांत अंडी सुरकुतून कडक झाली होती. सहाव्यात एक पिल्लू पूर्ण वाढलं होतं, डोळे, नखं सगळं जागच्या जागी. पण पाठ भिजल्या पुठ्ठ्यासारखी मऊ, आणि जीव नव्हता. भिमा ते हातात घेऊन बराच वेळ बसला. त्याला चांगभलं म्हणवेना.

मग त्याला राग आला, आणि राग आला की भिमाला गुन्हेगार लगेच सापडायचा. शेजारचा दादासो माळी. त्याचं दोन एकर वांगं, आठवड्यातून तीनदा फवारणी, पाठीवर पंप घेऊनच तो जन्मला असावा असं वाटायचं. भिमा बांधावर उभा राहून ओरडला, "दादासो, तुझ्या वांग्यानं माझी कासवं खाल्ली!"

"माझी वांगी बारामतीची मान्सं खात्यात," दादासो पंप न उतरवता म्हणाला. "ती मेली का?"

"माझी लेक तोंडघशी पडायची येळ आलीया, आन् तुला चेष्टा सुचतीया?"

"मग माती तपासून घे की! बारामतीला लॅब हाय. निघालं माझं औषध तर भर गावात कान धरीन."

"घितोच!"

"आन् मी बी येतो. तू माती बदलशील."

असे दोघं दुसऱ्या दिवशी एकाच एसटीत, एकाच बाकावर, एकमेकांकडं पाठ करून बारामतीला गेले. भिमाच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, त्यात उंचवट्यावरची माती. एका बाईनं विचारलं, डब्यात काय हाय? दादासो म्हणाला, "माझ्या खुनाचा पुरावा." भिमाला हसू आलं, पण त्यानं ते खिडकीतून बाहेर बघत दाबलं.

माती तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी डबा उघडला आणि मान मागं घेतली. मग पुन्हा नाक जवळ नेलं.

"बाबा, इथं आम्ही मातीतलं खत आणि खारटपणा तपासतो. औषधाचा अंश बघायला पुण्याला पाठवावं लागेल. पण हा वास मला ओळखता येतो. यात बीएचसी कुणी टाकलीय? आणि इतकी?"

दादासो झटकन म्हणाला, "बाई, ती जुनी पावडर मी वापरतच न्हाय. माजी औषधं पातळ असत्यात."

भिमाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्यां टाकली," तो म्हणाला. "मुंग्यांसाठी. पन पाऊस पडला की धुवून जात आसंल की."

"जाते ना. तुमच्या ओढ्यात जाते. बाकीची मातीत तशीच बसते, वर्षानुवर्षं. ती कुजत नाही. गोगलगाय खाते, गोगलगाईला कासव खातं, आणि ती कासवाच्या चरबीत साठते. चरबीतून अंड्यात. वरून तुम्ही अंड्यांच्या डोक्यावरच टाकलीत." बाईंनी डब्याला झाकण लावलं. "यामुळेच सगळं झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आजच थांबले असते."

बाहेर आल्यावर दादासोनं जिंकल्याचं तोंड केलं नाही. त्यानं भिमाला स्टँडवर भजी खाऊ घातली. भिमा एक भजं हातात धरून बसून राहिला तेव्हा दादासो म्हणाला, "आरं खा. माझं तरी काय धुतल्या तांदळाचं हाय? त्या बाईंना माझ्या रानाची माती म्यां हुंगाया दिली का? न्हाय. आन् देनार बी न्हाय." परतीच्या गाडीत दोघं सरळ बसून आले.

भिमानं घरी येऊन सरुबाईला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "म्या म्हनत हुते, कोंबड्यांना लावू नगा. माझं कोन ऐकतंय?" आणि मग, भिमाचा चेहरा बघून, "आपल्या हिरीतली म्हातारी न्या नकोशीला. सासऱ्यानं सोडलेली हाय, तीस वरसं जगलीया. पोरीचं तोंड तरी ऱ्हाईल."

म्हातारी म्हणजे भिमाच्या बापानं सोडलेलं कासव, परातीएवढं. तिला धरायला भिमा कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. पहिल्या दिवशी तिनं त्याला दाद दिली नाही, दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चावली, तिसऱ्या दिवशी भाकरीच्या लालचीनं पाटीत आली. ओल्या पोत्यात गुंडाळून सोमवारी सकाळी भिमा आणि सरुबाई सुप्याच्या गाडीत बसली. कंडक्टरनं पोतं हललेलं बघितलं. "आजी, काय हाय त्यात?" सरुबाई म्हणाली, "माझी सासू." कंडक्टर दोन तिकिटं फाडून पुढं सरकला.

वाटभर भिमा मनाशी हिशेब जुळवत होता. कुणाला काय ठाऊक होतं? बाईंना, दादासोला आणि सरुबाईला. म्हातारी टणक आहे. नव्या पाण्यात चार-पाच वर्षं सहज काढील. पहिली पंगत मिळेल, नकोशीची मान वर राहील, भिमाच्या हातचं कासव म्हणून लोक पुन्हा नाव घेतील. विचार करता करता त्याला भूकसुद्धा लागली.

विहिरीवर शंभर-सव्वाशे माणूस जमलं होतं. नवीकोरी दगडी विहीर, आंब्याच्या डहाळ्या, हलगी. नकोशी हिरव्या लुगड्यात धावत आली, पोत्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "आबा, बघा तरी, सगळं तुमी सांगितल्यावानी केलंय. एक बी मुंगी न्हाय लागायची आपल्या कासवाला."

विहिरीच्या काठानं तीन बोटं जाडीचं पांढरंशुभ्र कडं होतं, कुठंही न तुटलेलं. मध्ये मध्ये तिनं त्याच पावडरीची छोटी छोटी फुलंही काढली होती. सकाळी पडून गेलेल्या भुरभुरीनं एका बाजूचं कडं भिजून आत, पाण्याकडं ओघळलं होतं.

हलगी थांबली. गुरवानं नारळ उचलला. तात्याबा म्हणाला, "चला पाव्हणं, सोडा."

भिमानं पोतं उघडलं. म्हातारीनं मुंडी बाहेर काढली. त्यानं तिला दोन्ही हातांत धरलं, काठापर्यंत गेला, आणि तिथून तो पुढं वाकेचना.

"काय झालं?"

"मला सोडता येत न्हाय."

"आवं, म्हूर्त चाललाय!"

"जाऊ द्या म्हूर्त," भिमा म्हणाला, आणि मग त्याच्या नेहमीच्या पंगतीतल्या आवाजात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलला. "ह्या पावडरीनं माझी कासवं मेली. अंडी मेली. मुंग्यांपायी म्यांच टाकत हुतो, आन् गावोगाव म्यांच सांगत फिरलो. तुमच्यात कुनाच्या हिरीतलं मेलं आसंल तर ते म्यां मारलंय. हिथं बी हे कडं हाय तंवर मी ह्या जनावराला पान्यात सोडनार न्हाय."

एकजण हसला. दुसरा म्हणाला, पाव्हण्याला ऊन लागलं. मग कुणीतरी मागून म्हणालं, आमचं बी पाण्यावर आलं हुतं की गेल्या साली. तात्याबाचं तोंड एवढंसं झालं. गावाला जेवायला बोलावून व्याह्यानं हे काय मांडलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. भिमा कुणाकडं बघत नव्हता, फक्त लेकीकडं. तिनं खाली काढलेली फुलं बघितली आणि मग बापाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भिमाला वाटलं, आपण पाळण्यात न बघता नाव ठेवलं त्यापेक्षा हे वाईट केलं.

नकोशीनं पदर कमरेला खोचला. "माझ्या हातानं घातलंया, माझ्या हातानंच काढती," ती म्हणाली, आणि बाजूला पडलेलं खोरं उचललं.

म्हातारीला अंगणातल्या घंगाळात ठेवलं. माणसं कुजबुजत जेवायला गेली. पहिल्या पंगतीतलं पहिलं पान रिकामं राहिलं, कारण बाप-लेक विहिरीवर होते. ती खोऱ्यानं वीतभर माती खरवडत होती, तो टोपल्यात भरत होता. काठावरचं पांढरं संपलं, ओघळ गेला होता तिथलं जरा खोलवर खणून काढलं. टोपलं शिगोशीग भरलं. भिमानं ते डोक्यावर घेतलं आणि चार पावलं उताराला चालून थांबला. उतारानं खाली नाला होता. भिमा डावीकडं वळला. तिथं कांद्याचे वाफे टाकलेले. उजवीकडच्या पडीक रानात शेळ्या चरत होत्या. खड्डा काढून पुरावं म्हटलं, तर चाळीस फूट खाली नकोशीच्या विहिरीचे झरे.

"आबा, ठिवा की खाली. मान मोडंल."

"कुठं ठिवू?" भिमानं विचारलं. "तूच सांग."

नकोशीनं चहूकडं बघितलं. मग ती खोरं टाकून त्याच्याजवळ आली आणि टोपल्याला दुसऱ्या अंगानं हात लावून उभी राहिली.